मनालीच्या हिवाळ्यात फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला स्नो चेन बसवण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

चंदीगडवासी

नमस्कार. नोकरीनिमित्त गेली दोन वर्षे मी चंदीगडला राहतो. येत्या जानेवारीत आई-बाबा नाशिकहून येत आहेत आणि पडणारा बर्फ एकदा डोळ्यांनी पाहावा, ही आईची फार दिवसांची इच्छा आहे. म्हणून स्वतःच्या गाडीने मनाली, तिथून सोलंग आणि रस्ता खुला असेल तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जावे असा बेत आहे. घाटात गाडी चालवण्याची सवय आहे; कसारा घाट आणि वणीच्या गडाचा रस्ता भर पावसात आणि धुक्यात कितीतरी वेळा केला आहे. बर्फावर मात्र आजवर एक मीटरही गाडी चालवलेली नाही.

गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक आहे, गिअर हाताने बदलायचे आहेत आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. टायर १९५/५५ आर १६ या मापाचे आहेत. कार्यालयातील एका सहकाऱ्याकडे लोखंडी साखळ्यांचा जोड आहे आणि तो द्यायला तयार आहे. त्याची गाडी याच मॉडेलची, पण खालच्या श्रेणीतली असल्यामुळे तिचे टायर १८५/६५ आर १५ आहेत. या साखळ्या माझ्या टायरला चालतील का? त्या दोनच चाकांना लावाव्यात की चारही? ऑनलाइन मिळणारे, रिमच्या छिद्रांतून ओवून बांधायचे प्लास्टिकचे पट्टे पुरेसे ठरतात का? आणि मुख्य म्हणजे, थंडीत रस्त्याच्या कडेला एकट्याने साखळी नेमकी कशी बसवायची, हे कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील. सोबत वयस्कर माणसे आहेत, त्यामुळे अंदाजाने काही करायची माझी तयारी नाही.

पाना_आणि_जॅक

मी पुण्यात गाड्यांच्या निलंबन प्रणालीचे, म्हणजे सस्पेन्शनचे काम करतो, त्यामुळे मापांविषयी आधी लिहितो.

टायरवरचे १९५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे त्या रुंदीच्या तुलनेत साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची टक्क्यांत, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिमी येतो आणि सहकाऱ्याच्या १८५/६५ आर १५ चाही जवळजवळ तेवढाच येतो. गाडी एकच असल्यामुळे कंपनीने दोन्ही श्रेणींत चाकाचा घेर सारखा ठेवलेला असतो. त्यामुळे त्या साखळ्या तुम्हालाही बसण्याची शक्यता चांगली आहे, परंतु शक्यतेवर विसंबू नये. तुमचा टायर १० मिमीने रुंद आहे, त्याची साइडवॉल बुटकी आहे आणि खांद्याचा आकार वेगळा आहे. साखळीच्या डब्यावर ती कोणकोणत्या मापांना चालते याची यादी छापलेली असते. त्या यादीत १९५/५५ आर १६ स्पष्टपणे लिहिलेले असेल तरच ती घ्यावी. आखूड साखळीची आतली कडी जुळत नाही, आणि सैल साखळी वेगात बाहेर फेकली जाऊन मडगार्डच्या आतल्या बाजूला फटके मारते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. साखळी टायरच्या बाहेरून दिसते तेवढीच नसते, ती टायरच्या मागच्या बाजूनेही फिरते. पुढच्या चाकामागे स्ट्रट (धक्के झेलणारा सस्पेन्शनचा दांडा), ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरची तार अगदी जवळ असते. कित्येक गाड्यांत टायर आणि स्ट्रट यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरते, आणि वरच्या श्रेणीतील रुंद टायरमुळे ती आणखी कमी होते. म्हणूनच काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत विशिष्ट मापाच्या टायरवर साखळी लावू नये असे लिहितात. सर्वप्रथम गाडीची पुस्तिका उघडून ते पान वाचा.

पुस्तिकेत परवानगी असेल तर घरच्या घरी जागा मोजता येते. कणकेची अंगठ्याएवढी जाड वळी करून ती स्ट्रटच्या टायरकडील बाजूला, जिथे फट सर्वांत अरुंद आहे तिथे चिकटवा. मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि गाडी थोडी पुढे-मागे ढकला. कणीक जिथे सर्वांत चपटी झाली तिथली जाडी म्हणजे तुमची खरी मोकळी जागा. बाजारात साखळ्या ९ मिमी, १२ मिमी अशा जाडीने ओळखल्या जातात. मोकळी जागा त्या आकड्यापेक्षा काही मिलिमीटर जास्त हवी, कारण चालत्या गाडीत साखळी ताणली जाते आणि टायरही वाकतो.

प्लास्टिकच्या पट्ट्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. भुसभुशीत बर्फात रुतलेली गाडी दहा-वीस फूट बाहेर काढण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. ते रिमच्या छिद्रांतून जातात, त्यामुळे ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकतात, आणि घट्ट गोठलेल्या बर्फावर त्यांना टोचायला काहीच नसते. चढ-उताराच्या रस्त्यावर आई-बाबांना घेऊन जायचे असेल तर लोखंडी साखळीच हवी, आणि तीही शिडीसारखी नव्हे तर चौकटीच्या जाळीची. शिडीच्या साखळीत आडव्या पट्ट्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे गाडी पुढे ढकलली जाते पण वळणावर आडवी सरकू शकते. चौकटीच्या जाळीत साखळीचा काही ना काही भाग सतत जमिनीवर असतो आणि आडवी पकडही मिळते.

साखळी ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांनाच लावायची, म्हणजे तुमच्या बाबतीत पुढच्या दोन. एकाच चाकाला लावून चालत नाही, कारण दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरेन्शियल ती सहज फिरणाऱ्या चाकाकडे सोडून देतो आणि साखळी असलेले चाक स्वस्थ उभे राहते. आपल्याकडे उंच दिसणाऱ्या कित्येक गाड्यांना लोक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाके ओढणाऱ्या, समजतात, पण त्यांचीही फक्त पुढचीच चाके ओढतात. मागच्या चाकांना साखळ्या बांधून ‘तरीही गाडी हलत नाही’ अशी तक्रार करणारे मी पाहिले आहेत.

निवृत्त_चालक

मी सातारा जिल्ह्यातला. सैन्यात चालक म्हणून सेवा केली आणि त्यातील बरीच वर्षे काश्मीर आणि लडाखच्या रस्त्यांवर गेली. आम्ही या साखळ्यांना ‘नॉन-स्किड चेन’ म्हणत असू. जोजीला खिंड ३,५०० मीटरच्या वर आहे. तिथे काफिल्यात चालताना चेन चढवणे आणि उतरवणे हा रोजच्या कामाचाच भाग असे. ट्रक आणि हॅचबॅक यांत पुष्कळ फरक आहे, परंतु बर्फ दोघांनाही सारखाच वागवतो.

वर पाना_आणि_जॅक यांनी लिहिले ते योग्यच आहे. मी त्यात एवढीच भर घालतो की पुढच्या दोन चाकांना चेन लावल्यावर गाडी चढावर समाधानकारक चालते आणि त्यामुळे चालकाचा विश्वास वाढतो. धोका असतो तो उतारावर. पुढची चाके जमिनीला धरून असतात आणि मागची दोन चाके उघडीच असतात. उतारावर वळणात तुम्ही ब्रेक दाबला की वजन पुढे येते, मागचा भाग हलका होतो आणि गाडीची शेपूट दरीकडे फिरू लागते. म्हणून उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरायचे, ब्रेक लागलाच तर वळणाआधी सरळ रस्त्यावर, पायाच्या बोटांनी, हलकेच. वळण सुरू झाल्यावर ब्रेकला पाय लावायचा नाही. शक्य असेल तर मागच्या चाकांनाही चेन लावावी. चार चेन असलेली लहान गाडी फारच शहाण्यासारखी वागते. दोनच असतील तर वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नेऊ नका. पुस्तिकेत ५० ची मर्यादा असते, पण ती सपाट रस्त्यासाठी आहे असे समजा.

चेन कधी लावायची याविषयी मी नव्या चालकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे. गाडी घसरू लागल्यावर चेन लावायची नसते, कारण तेव्हा तुम्ही बहुधा चढाच्या मधोमध, अरुंद जागी, मागे रांग लागलेल्या अवस्थेत उभे असता. पुढे बर्फ आहे हे कळताच, सपाट, रुंद आणि वळणापासून दूर अशी जागा पाहून तिथे थांबायचे. गाडी डोंगराच्या बाजूला घ्यायची, पुढची चाके सरळ ठेवायची, इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि मागच्या चाकांना दगड लावायचे. बर्फावर जॅक अजिबात लावायचा नाही. त्याची गरजही नसते. घरच्या मंडळींना गाडीच्या मागे किंवा दरीच्या बाजूला उभे करू नका. मागून घसरत येणारी दुसरी गाडी हाच तिथला सर्वांत मोठा धोका असतो.

माझी एक चूक सांगतो. एका सकाळी घाई होती म्हणून मी चेन बसवली आणि थोडे अंतर चालवून पुन्हा ताण देण्याचे काम केलेच नाही. आतल्या बाजूने ती हळूहळू सैल झाली आणि दोन-तीन किलोमीटरवर तुटून चाकामागे गुंडाळली गेली. ब्रेकची नळी फाटली. चढ होता आणि वेग कमी होता म्हणून डोंगराला टेकून गाडी थांबवता आली. त्यानंतर पन्नास-शंभर मीटरवर थांबून चेन आवळल्याशिवाय मी कधीही पुढे गेलो नाही.

सॅक्रामेंटोकर

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन लेक टाहोला जातो. इथे डोंगरात साखळ्यांसाठी तीन पातळ्यांचे नियम आहेत. पहिल्या पातळीत, म्हणजे आर-१ मध्ये, बर्फाचे टायर असलेल्या हलक्या गाड्यांना सूट असते. आर-२ मध्ये फक्त चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या साखळीविना सोडतात. आर-३ लागू झाले की कोणालाही सूट नसते, आणि अशा वेळी बहुधा रस्ताच बंद करतात. सूट मिळालेल्यांनीही साखळी गाडीत बाळगावी लागते. साखळीच्या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी २५ ते ३० मैल, म्हणजे ४० ते ४८ किलोमीटर असते.

पहिल्या वर्षी मी साखळीचा डबा विकत घेतला आणि तसाच न उघडता डिकीत ठेवला. डॉनर खिंडीच्या चढावर संध्याकाळी नियम लागू झाले, तेव्हा अंधारात, बर्फ पडत असताना, मी तो डबा प्रथमच उघडला. दुकानदाराने दिलेले माप माझ्या टायरचे नव्हते. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी गाडीत होती. आम्ही तिथूनच परत फिरलो. दुकानातच डब्यावरचे माप मी स्वतः वाचले असते तर हे घडले नसते. तेव्हापासून दर नोव्हेंबरमध्ये घरासमोरच्या कोरड्या फरशीवर मी एकदा साखळ्या बसवून काढतो. आता आतल्या वळ्याच्या, म्हणजे लवचीक पोलादी कडीच्या साखळ्या वापरतो आणि ती रीत जशी हातात बसली आहे तशी सांगतो.

साखळी पिशवीतून काढून आधी पूर्ण उलगडून जमिनीवर पसरावी आणि पीळ सोडवावेत. टायरवर बसवल्यानंतर आकड्यांची उघडी तोंडे बाहेरच्या बाजूला, रबरापासून दूर यायला हवीत. ती आत राहिली तर साइडवॉल कापली जाते. मडगार्डच्या पोकळीत साठलेला बर्फ हाताने काढून टाकावा. मग उघडी कडी नालेच्या आकारात धरून चाकामागे जमिनीलगत सरकवावी, दोन्ही टोके टायरच्या मागून वर आणावीत आणि वरच्या बाजूला एकमेकांत अडकवावीत. हे काम नजरेने होत नाही, बोटांनीच करावे लागते, आणि नवख्याचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. टोके जुळली की कडी दोन्ही हातांनी टायरच्या मागे ढकलून द्यावी, म्हणजे ती आतल्या साइडवॉलवर जाऊन बसते. यानंतर जाळी टायरवरून पुढे ओढून घ्यावी, बाहेरचा वरचा आकडा अडकवावा आणि जाळी दोन्ही बाजूंना सारखी पसरवावी. बहुतेक साखळ्यांत आतली जोडणी, बाहेरची जोडणी आणि ताण देणारी साखळी यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात. ते रंग घरीच पाठ करून ठेवावेत. शेवटी ताणाची साखळी आपोआप अडकणाऱ्या खाचेतून ओवून पूर्ण ताकदीने ओढावी आणि तिचे मोकळे टोक पलीकडच्या कडीला अडकवावे. टोक लोंबते ठेवले तर ते पत्र्यावर आपटत राहते. दोन्ही चाके झाली की निवृत्त_चालक काकांनी सांगितल्याप्रमाणे थोडे चालवून पुन्हा आवळावे. त्या थोड्या अंतरात कडी आपोआप मध्यावर येते आणि चार-पाच कड्यांएवढा ढिलेपणा सहज निघतो.

टायरमधील हवेविषयी एक गोष्ट लिहितो. तापमान दर दहा अंश सेल्सियसने उतरले की हवेचा दाब साधारण दोन पीएसआयने कमी होतो. चंदीगडला दुपारी पंधरा अंशांत भरलेली हवा सोलंगला उणे पाच अंशांत चार पीएसआयने कमी झालेली असेल. टायर असा मऊ पडला की त्यावर बसवलेली साखळीही सैल होते. मनालीला पोहोचल्यावर, टायर थंड असताना, सकाळी दाब तपासून घ्यावा. साखळी चढवणे सोपे जावे म्हणून काही लोक टायरमधील हवा काढतात. तसे कधीही करू नये.

सोबत लोकरी हातमोज्यांवर घालता येतील असे रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला पोते किंवा जाड प्लास्टिक आणि डोक्याला बांधायचा दिवा ठेवा. उघड्या हातांनी थंड लोखंड पाच मिनिटे धरल्यावर बोटे चालेनाशी होतात, आणि हे काम तर सगळे बोटांचेच आहे.

चंदीगडवासी

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. काल सुटी होती, म्हणून सांगितलेली सर्व कामे एकेक करून पाहिली.

पुस्तिकेत साखळी फक्त पुढच्या चाकांना आणि बारीक कड्यांचीच लावावी असे लिहिले आहे. आईने फोनवर विचारले की भर दुपारी कणीक कशाला मळतो आहेस, पण मोजमाप नीट झाले. उजव्या बाजूला सर्वांत अरुंद जागी १५ मिमी आणि डाव्या बाजूला १४ मिमी जागा मिळाली. सहकाऱ्याच्या साखळीच्या डब्यावर १९५/५५ आर १६ हे माप लिहिलेले आहे, मात्र ती साखळी १२ मिमीची आहे. म्हणजे डावीकडे फक्त दोन मिमी उरतात. हे पुरेसे आहे का? पुस्तिकेने फक्त पुढचीच चाके म्हटल्यामुळे चार साखळ्यांचा विचार सोडावा लागेल असे दिसते. आणखी एक शंका आहे. अटल बोगदा आतून कोरडा असतो असे ऐकले आहे. मग दोन्ही तोंडांशी बर्फ असेल तर साखळ्या काढून पुन्हा घालायच्या का?

पाना_आणि_जॅक

दोन मिमी पुरेसे नाहीत. ती साखळी सहकाऱ्याला परत करा आणि त्याच मापाची ९ मिमीची घ्या. म्हणजे १४ मधून ९ वजा जाता पाच मिमी उरतात आणि ते चालण्यासारखे आहे. ९ मिमीची साखळी थोडी महाग असते आणि कड्या बारीक असल्यामुळे कोरड्या रस्त्यावर लवकर झिजते, पण ब्रेकच्या नळीशी खेळण्यापेक्षा ते बरे. मागच्या चाकांबाबत पुस्तिकेचेच ऐका. तिथे जागा कमी असल्यामुळेच मनाई केलेली असते.

बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढताना चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा काही वेळा इंजिनाची ताकदच तोडते आणि गाडी जागची हलत नाही. तेवढ्यापुरते ते बटण बंद करता येते. बाहेर पडल्यावर आठवणीने पुन्हा चालू करावे. साखळी लावल्यावर एबीएस मात्र तसेच राहू द्या.

निवृत्त_चालक

बोगद्याविषयी लिहितो, कारण निवृत्तीनंतर मी मुलासोबत दोनदा त्या वाटेने गेलो आहे. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. तो ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि त्याची दोन्ही तोंडे ३,००० मीटरच्या वर आहेत. आत बर्फ नाही आणि थांबायलाही मनाई आहे. कोरड्या रस्त्यावर नऊ किलोमीटर चेन घेऊन गेलात तर चेन झिजते, गाडी थरथरते, आणि मध्येच कडी तुटली तर थांबायची सोय नाही. त्यामुळे नियमाने पाहिले तर अलीकडे काढायची आणि पलीकडे पुन्हा चढवायची.

परंतु तुम्हाला माझा सल्ला वेगळा आहे. दोन्ही तोंडांशी चेन लागावी एवढा बर्फ असेल, तर तो दिवस बोगदा ओलांडण्याचा नाही. बर्फ पडू लागला की पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगच्या आसपास गाड्या अडवतात आणि पुढे फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. चेन दाखवून पुढे जाता येईलही, पण परत येण्याचे काय? २०२४ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात याच सोलंग ते बोगदा पट्ट्यात शेकडो गाड्या रात्री अडकून पडल्या होत्या. त्यांतल्या चालकांना चढता येत नव्हते असे नाही. पुढची एक गाडी आडवी झाली की मागचे सगळेच अडकतात. तुमची चेन कितीही घट्ट असली तरी पुढच्या गाडीची चेन तुमच्या हातात नसते. आकाश स्वच्छ असलेला दिवस निवडा, सकाळी दहानंतर निघा आणि दुपारी तीनच्या आत बोगदा ओलांडून मनालीकडे परत या. सूर्य डोंगराआड गेला की दिवसभर वितळून रस्त्यावर वाहिलेले पाणी काचेसारखे गोठते. धुंडीजवळची सावलीतली वळणे आणि उत्तरेच्या तोंडाबाहेर चंद्रा नदीवरचा पूल या दोन ठिकाणी जपा. पुलाखालून वारा वाहत असल्यामुळे पूल रस्त्याच्या आधी गोठतो, आणि नऊ किलोमीटर कोरड्या रस्त्यावरून आलेल्या चालकाचा पाय तोवर निर्धास्त झालेला असतो.

त्यातूनही कुठे अडकून रात्र काढायची वेळ आली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवावे लागले, तर धुराच्या नळीभोवतीचा बर्फ दर थोड्या वेळाने काढत राहा आणि एक काच दोन बोटे उघडी ठेवा. नळी बर्फाने बुजली की विषारी वायू गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. मुक्कामाला गाडी उभी करताना हॅन्डब्रेक ओढू नका; ओल्या ब्रेकमधील पाणी रात्री गोठले की सकाळी चाके सुटत नाहीत. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

चंदीगडवासी

९ मिमीचा जोड घेतला आणि आज सोसायटीच्या वाहनतळात सराव केला. पहिल्या चाकाला बावीस मिनिटे लागली, कारण आतल्या कडीची टोके वर आणताना एक टोक ब्रेकच्या नळीच्या मागून गेले होते. कडी फिरेना तेव्हा ते लक्षात आले. सर्व काढून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या चाकाला नऊ मिनिटे लागली. मग दोन्ही साखळ्या काढल्या आणि रबरी हातमोजे घालून, दिवे मालवून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात पुन्हा बसवल्या. तेव्हा दोन्ही मिळून सतरा मिनिटे झाली. वाहनतळातच तीस-चाळीस मीटर अगदी हळू चालवून पुन्हा ताण दिला, तर खरोखरच प्रत्येक बाजूला तीन-चार कड्यांचा ढिलेपणा निघाला. स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिले, कुठेही घासल्याचा आवाज आला नाही.

काकांच्या सल्ल्यानुसार बेत बदलला आहे. मनालीत तीन दिवस मुक्काम ठेवला आहे. बर्फ पडला तर आई तो मनालीतच पाहील, आणि सिस्सूला जायचे ते आकाश निवळलेल्या दिवशीच.

सॅक्रामेंटोकर

कडी नळीच्या मागून गेल्याचे तुम्हाला वाहनतळातच कळले, हे फार चांगले झाले. साखळी काढतानाचा क्रमही ध्यानात ठेवा. आधी ताणाची साखळी, मग बाहेरचा आकडा, सर्वांत शेवटी आतली कडी सोडवून ती चाकामागे जमिनीवर पाडायची आणि गाडी अर्धा मीटर पुढे घेऊन टायरखाली अडकलेला भाग मोकळा करायचा. घरी आल्यावर साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून आणि तेलाचा हात फिरवून ठेवा. ओल्याच पिशवीत राहिल्या तर पुढच्या हिवाळ्यात ताणाची खाच गंजून अडकलेली सापडेल.

निवृत्त_चालक

सतरा मिनिटे हे उत्तम आहे. मनालीला पोहोचल्यावर पहिल्या सकाळी, बर्फ असो वा नसो, हॉटेलच्या अंगणातच एकदा पुन्हा बसवून पाहा. उणे तापमानात तेच हात किती वेळ घेतात हे तुम्हाला तिथे कळेल, आणि थांबायची जागा किती आधी निवडायची त्याचा अंदाजही त्यावरूनच येईल.

चंदीगडवासी

नक्की पाहतो, काका. बाबा दगड लावायचे आणि दिवा धरायचे काम करणार आहेत. त्यांनाही रंगांचा क्रम आजच फोनवर सांगून ठेवला आहे.